देणगी दारात मागितली, तरी खाते क्रमांक दारात देऊ नये

इंदूरच्या लोकमान्यनगर, सुदामानगर किंवा रामबागेतील मराठी घरांना वर्गणी नवीन नाही. गणेशोत्सवापूर्वी पावतीपुस्तक घेऊन येणारी मुले ओळखीची असतात, रक्कम आपण ठरवतो, पैसे देऊन पावती घेतो आणि व्यवहार तेथेच संपतो. अलीकडे मात्र गळ्यात ओळखपत्र आणि हातात टॅबलेट घेतलेले तरुण भर दुपारी फाटकाशी उभे राहतात, आजारी बालकांची छायाचित्रे दाखवतात, आणि रोख रक्कम नम्रपणे नाकारून “आंटीजी, बस पासबुक का फोटो दे दीजिए” एवढेच मागतात. रोख नाकारली म्हणजे माणूस प्रामाणिक, असे आपल्याला वाटते. वास्तविक सावध व्हायचे ते तेथेच, कारण वर्गणी एकदाच द्यायची असते आणि हे मागणे बहुधा दर महिन्याचे असते.

त्यांना आपल्याकडून हवे असते ते मॅन्डेट, म्हणजे आपल्या खात्यातून ठरावीक काळाने रक्कम आपोआप वळती करण्याची संमती. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या ‘नॅच’ या व्यवस्थेतून कर्जाचे हप्ते आणि म्युच्युअल फंडांची एसआयपी जशी कापली जाते, तशीच देणगीही कापली जाते. त्यात बेकायदेशीर काही नाही. अनेक संस्था हे काम एजन्सीकडे सोपवतात, आणि दारात उभी असलेली मुलगी त्या एजन्सीच्या पगारावर, महिन्याला इतक्या सह्या आणण्याच्या अटीवर उन्हात फिरत असू शकते. म्हणून तिला चोर समजून दार आपटू नये; पाणी विचारावे. पण ती खरी असली, तरी सही आजच आणि तिच्यासमोरच करण्याची गरज आपली नसते, तिची असते.

एकरकमी देणगी द्यायची असल्यास आपला खाते क्रमांक संस्थेला वेगळा सांगण्याचे काहीच कारण नाही. उलट संस्थेने आपला खाते क्रमांक द्यावा, किंवा तिच्या नावाने रेखांकित धनादेश घ्यावा. पॅन क्रमांक मागितला, तर मात्र त्यामागे कारण असू शकते: देणगीवर करसवलत (१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ८०जी) मिळावी यासाठी संस्थांना २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून देणगीदारांची माहिती प्राप्तिकर विभागाला कळवावी लागते. अर्थात नवी करप्रणाली निवडलेल्यांना ही सवलत नाही, आणि जुन्या प्रणालीतही २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर ती मिळत नाही. तेव्हा “टॅक्स वाचेल” या वाक्यावर निर्णय घेण्यापूर्वी आपण कोणत्या प्रणालीत आहोत ते आठवावे.

दरमहा देण्याची इच्छा खरोखर असेल, तर मॅन्डेटचा अर्ज चष्मा लावून वाचावा. त्यात ‘निश्चित रक्कम’ आणि ‘कमाल रक्कम’ असे दोन पर्याय असतात. आपण ५०० रुपये म्हणतो, पण अर्जात ५,००० रुपये कमाल मर्यादा म्हणून लिहिलेले असतील, तर बँकेच्या दृष्टीने आपण पाच हजारांपर्यंतच्या कपातीला संमती दिलेली असते. वारंवारितेच्या रकान्यात ‘दरमहा’ ऐवजी ‘मागणी येईल तेव्हा’ अशी खूण नाही ना, ते पाहावे. शेवटची तारीख स्वतःच्या हाताने घालावी. एक वर्ष पुरे, नंतर वाटले तर पुन्हा करता येते. माझ्या स्वतःच्या हातून हा तारखेचा रकाना एकदा कोरा राहिला होता, आणि संस्थेचे नावही विसरून गेल्यावर कधीतरी पासबुक भरून आणताना ती कपात माझ्या लक्षात आली. कोऱ्या रकान्यांच्या अर्जावर सही करू नये, हे मी तेव्हा शिकलो.

ओटीपीबाबत थोडे अधिक सांगावे लागते. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हे आता सर्वांना पाठ झाले आहे. परंतु खरे ई-मॅन्डेटसुद्धा नेट बँकिंग, डेबिट कार्ड किंवा आधारच्या आधारेच मंजूर होते आणि तेथेही ओटीपी येतो, त्यामुळे “हा तर नेहमीचाच ओटीपी आहे, काकू” हे म्हणणे खोटे वाटत नाही. यावर उपाय एकच. त्यांच्या टॅबलेटवर कार्डाचा क्रमांक, ओटीपी किंवा पिन यांपैकी काहीही भरू नये. मॅन्डेट करायचे ते आपल्या फोनवर, संस्थेचे संकेतस्थळ स्वतः शोधून, संदेश पूर्ण वाचून करावे.

दारातल्या व्यक्तीकडून माहितीपत्रक मागून घ्यावे आणि सांगावे, “आमच्याकडे दारात सही करत नाहीत, घरात विचारून कळवू.” पत्रकावरील दूरध्वनीवर चौकशी करून उपयोग नाही, कारण तो क्रमांक त्यांनीच दिलेला असतो. नीती आयोगाच्या ‘दर्पण’ पोर्टलवर संस्थेचे नाव शोधता येते, मात्र तेथील नोंद म्हणजे चांगुलपणाचे प्रमाणपत्र नव्हे. मध्य प्रदेशातील सार्वजनिक न्यासांची नोंदणी १९५१ च्या कायद्याप्रमाणे होते, तर सोसायट्यांची १९७३ च्या अधिनियमाप्रमाणे फर्म्स अँड सोसायटीज निबंधकाकडे. संस्था यांपैकी कशात मोडते आणि तिचा नोंदणी क्रमांक काय, एवढे विचारले तरी पुष्कळ उलगडा होतो.

अहिल्याबाईंनी आपला दानधर्म ‘खासगी’तून, म्हणजे राज्याच्या खजिन्यापासून वेगळ्या ठेवलेल्या उत्पन्नातून केला. इंदूरकरांनी त्या धर्तीवर देणग्यांसाठी एक निराळे बचत खाते ठेवावे आणि वर्षभरात द्यायची तेवढीच रक्कम त्यात टाकावी. पेन्शनच्या खात्यावर मॅन्डेट असले आणि त्या दिवशी शिल्लक अपुरी पडली, तर देणगी तर जात नाहीच, वर कपात न वटता परत गेल्याचे शुल्क बँक आपल्याकडूनच घेते.

माहिती देऊन झाली असेल, तर नेमके काय दिले ते आधी आठवावे. केवळ खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड कळल्याने पैसे काढता येत नाहीत, कारण हीच माहिती आपण प्रत्येक धनादेशावर छापून वाटत असतो. मात्र काही दिवस व्यवहारांवर लक्ष ठेवावे. मॅन्डेटवर सही केली असल्यास शाखेत लेखी अर्ज देऊन ते रद्द करावे. यूपीआय ऑटोपे असेल, तर ॲपमधूनच बंद करता येते. ओटीपी किंवा पिन गेला असेल, तर संध्याकाळी मुलगा ऑफिसातून येईपर्यंत थांबू नये. बँकेला कळवून खाते रोखावे आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे स्पष्ट होते की, ग्राहकाने स्वतः गोपनीय माहिती दिल्यास बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. तक्रारीचा क्रमांक व वेळ लिहून ठेवावी, आणि शाखेत दिलेल्या अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.