पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी कशी करावी

पीएच.डी. प्रवेशाची मुलाखत म्हणजे एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेचीच थोडी अवघड आवृत्ती, अशा समजुतीने अनेक उमेदवार महिनाभर जुन्या वह्या पाठ करत बसतात. ही मेहनत वाया जात नाही, पण अपुरी पडते. ज्या प्रश्नाचे उत्तर अद्याप कोणालाच ठाऊक नाही त्याच्यामागे हा विद्यार्थी चार-पाच वर्षे चिकाटीने लागू शकेल का, याचा अंदाज समितीला वीस-तीस मिनिटांत बांधायचा असतो. तुमच्या माहितीची सीमा जिथे संपते तिथवर समिती तुम्हाला मुद्दाम घेऊन जाते, कारण पुढे तुम्ही काय करता हे तिला पाहायचे असते. एखाद्या प्रश्नाला अडखळणे म्हणजे मुलाखत बिघडणे नव्हे, हे आधीच मनाशी पक्के केलेले बरे.

प्रथम मुलाखतीचे वजन किती ते पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेतून येणाऱ्यांसाठी परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो. २०२४ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवर प्रवेश घेणाऱ्यांनाही हेच प्रमाण लागू झाले. नेटमधूनच जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, मिळवलेल्यांची निवड मात्र मुलाखतीवरच होते. आयआयटी, आयसर यांसारख्या संस्थांची पद्धत स्वतंत्र असते. तिथे गेट, नेट किंवा जेस्ट या राष्ट्रीय परीक्षांच्या आधारे बोलावणे येते आणि त्यानंतर काही विभाग स्वतःची लेखी चाचणीही घेतात. त्यामुळे विभागाची सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी.

तयारीचा सर्वाधिक वेळ स्वतःच्या एम.एस्सी. प्रकल्पाला द्यावा, असे माझे ठाम मत आहे. समितीने तुमचा प्रकल्प वाचलेला नसतो, पण त्याबद्दल बोलताना तुम्ही वापरलेल्या प्रत्येक शब्दावर पुढचा प्रश्न येऊ शकतो. ‘यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटरवर द्रावणाचे प्रकाशशोषण मोजले’ असे म्हणालात, तर हीच तरंगलांबी का निवडली, ब्लँक (तुलनेसाठीचा कोरा नमुना) म्हणून काय ठेवले, वाचन किती वेळा घेतले आणि दोन वाचनांत फरक पडला तेव्हा काय केले, हे विचारले जाते. ‘सरांनी सांगितले म्हणून’ हे उत्तर प्रामाणिक असले, तरी त्यातून तुम्ही केवळ हात चालवले असा अर्थ निघतो. म्हणून प्रबंधातला प्रत्येक आलेख समोर ठेवून अक्षांवर काय आहे, एकके कोणती आणि हा निष्कर्ष खोटा ठरवायचा असेल तर कोणता प्रयोग करावा लागेल, हे स्वतःला मोठ्याने विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याकडे तयार असते, त्याच्याशी समितीचे बोलणे लगेच रंगते.

मूलभूत प्रश्नही सोपे वाटतील अशाच रूपात येतात. रसायनशास्त्रातला एक जुना, तरीही आवडता प्रश्न घ्या: हायड्रोक्लोरिक आम्लाच्या १०⁻⁸ मोलर द्रावणाचा पीएच किती? सूत्र पाठ असलेला उमेदवार तत्काळ ८ म्हणतो. परीक्षक ‘बरोबर की चूक’ काहीच सांगत नाहीत. फक्त विचारतात, ‘म्हणजे पाण्यात आम्ल घातल्यावर ते अल्कधर्मी झाले?’ इथे थांबून पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन, साधारण १०⁻⁷ मोलर, हिशेबात धरायला हवेत हे ज्याच्या लक्षात येते, तो फळ्यावर समतोलाचे समीकरण मांडून ६.९८ च्या आसपास पोहोचतो. पहिले उत्तर चुकल्याचे कोणी मनावर घेत नाही. मिळालेला इशारा तुम्ही पकडलात का, हेच पाहिले जाते. तेव्हा खडू हाती आला की गप्प राहून आकडेमोड करू नये. काय गृहीत धरले आणि कोणती पायरी कशासाठी टाकली, ते बोलत जावे. विषय अजिबात वाचलेला नसेल तर ‘हे मी शिकलेलो नाही, पण अमुक तत्त्वावरून असा अंदाज करतो’ असे सरळ सांगावे. ठोकून दिलेली उत्तरे अनुभवी माणसाला दोन वाक्यांत ओळखू येतात.

सामाजिक शास्त्रे आणि भाषा या विषयांत हीच जागा संशोधन आराखडा घेतो. आयोगाच्या २०१६ च्या नियमावलीने मुलाखतीत तीन बाबी तपासण्यास सांगितले होते: उमेदवाराची क्षमता आहे का, हे काम त्या संस्थेत होऊ शकते का, आणि त्यातून ज्ञानात भर पडेल का. आराखडा या तीन कसोट्यांवर स्वतःच घासून पाहावा. ‘महाराष्ट्रातील ग्रामीण स्त्रियांचे जीवन’ हा विषय पीएच.डी.साठी फार पसरट आहे. कोणता तालुका, कोणता कालखंड, साधने कुठल्या दफ्तरात किंवा कोणाच्या मुलाखतींत मिळणार, हे सांगता आले पाहिजे.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना इंग्रजीची धास्ती असते आणि तिच्यापायी चांगले विद्यार्थी गप्प बसतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. यावर उपाय म्हणजे स्वतःच्या कामाची दोन मिनिटांची ओळख इंग्रजीत मोठ्याने, मित्रांसमोर, जीभ वळेपर्यंत म्हणणे. व्याकरण थोडे चुकले तरी विचार पोहोचतो. एखादा मुद्दा अडलाच, तर हिंदीत किंवा मराठीत सांगू का, असे नम्रपणे विचारण्यात गैर काहीच नाही.

ज्यांच्याकडे काम करायचे त्यांचे अलीकडचे दोन-तीन शोधनिबंध वाचून जावे आणि त्यांतला एखादा खरोखर पडलेला प्रश्न सोबत न्यावा. मूळ प्रमाणपत्रे, जातीचे व नॉन-क्रीमी लेयरचे दाखले आणि त्यांच्या प्रती आदल्या रात्रीच फाइलमध्ये लावाव्यात.

‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ असे विचारले गेले, तर संकोच न करता पैशांबद्दल विचारावे. जेआरएफची रक्कम जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे आणि पुढच्या टप्प्यातल्या एसआरएफची (वरिष्ठ अधिछात्रवृत्तीची) ४२,०००. पण तुमचे वेतन एखाद्या प्रकल्पातून येणार असेल, तर प्रकल्प संपल्यावर काय, हे आधी कळायला हवे. बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीवर विसंबणार असाल, तर त्यांच्या जाहिरातींतल्या अटी स्वतः तपासाव्यात.

मुलाखत आटोपल्यावर लगेच परतू नये. प्रयोगशाळेतल्या किंवा विभागातल्या संशोधक विद्यार्थ्यांना चहाला गाठून गाइड आठवड्यातून किती वेळा भेटतात, लिहिलेला मसुदा किती दिवसांत वाचून परत देतात, शोधनिबंधावर पहिले नाव कोणाचे लागते आणि आधीच्या विद्यार्थ्यांना पदवीला किती वर्षे लागली, हे विचारावे. दोन ठिकाणी निवड झाली, तर कुठे जायचे हे ठरवताना ही उत्तरे संस्थेच्या नावाइतकीच विचारात घ्यावीत.