अँटेना घेण्याआधी घरातला गोंगाट शोधा

"स्कॅनरवर नीट ऐकू येत नाही, कुठला अँटेना घेऊ?" असं कुणी विचारलं (स्कॅनर म्हणजे विमानं, जहाजं, वॉकीटॉकी यांचं बोलणं ऐकायचा रेडिओ) की मी आधी विचारतो, घरात एलईडी दिवे किती आणि चार्जर कुठले? समोरच्याला वाटतं मी विषय टाळतोय. पण सिग्नल किती जोरात येतो यापेक्षा तो गोंगाटाच्या, म्हणजे विजेच्या वस्तूंमधून निघणाऱ्या रेडिओ-खरखरीच्या, किती वर आहे, यावर सगळं अवलंबून असतं. सिग्नल मीटरच्या सगळ्या पट्ट्या भरलेल्या आणि कानाला नुसती खरखर, असं झालं तर महागडा अँटेना तीच खरखर आणखी जोमाने आत आणेल. काखेत कळसा नि गावाला वळसा, त्यातलाच प्रकार.

म्हणून पहिलं काम फुकटातलं. स्कॅनर बॅटरीवर चालवा, विमानांच्या पट्ट्यात (११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झ) एखादी रिकामी फ्रिक्वेन्सी लावा आणि स्क्वेल्च, म्हणजे सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारी सोय, पूर्ण उघडा. मोड एएमच हवा. एफएममध्ये रिकाम्या चॅनेलचा फसफसाट जवळपास एकसारखाच राहतो, त्यामुळे गोंगाट कमी-जास्त झालेला कानाला कळत नाही. आता घरातल्यांना कल्पना देऊन मेन स्विच पाडा. खरखर एकदम खाली बसली, तर चोर घरातच आहे. मग एकेक सर्किट चालू करत जा. बहुतेक वेळा स्वस्तातला मोबाईल चार्जर, एलईडी दिव्याचा ड्रायव्हर किंवा राउटरचा अडॅप्टर हाती लागतो. छतावर सोलर असेल तर त्याच्या इन्व्हर्टरवरही संशय घ्या. सापडलेली वस्तू बदलता आली तर उत्तम. नाहीतर तिच्या वायरीवर क्लिपवाला फेराइट (गोंगाट अडवणारा चुंबकीय पदार्थाचा मणी) बसवा, आणि वायर त्यातून नुसती ओवू नका, दोन-तीन वेढे घ्या. एका वेढ्याने फारसा फरक पडत नाही.

यानंतर जागा. खोलीतला अँटेना खिडकीत आणि खिडकीतला बाहेर, एवढ्या हलवाहलवीत जे मिळतं ते बऱ्याचदा नवीन अँटेना घेऊनही मिळत नाही. कारण गोंगाटाचा उगम भिंतींच्या आतच असतो. उंचीचं गणित सोपं आहे: अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा. रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. ४ मीटरला साधारण ८, ९ मीटरला १२. समोरच्या अँटेनाचं क्षितिज यात मिळवायचं. १०,००० मीटरवरच्या विमानाचं एकट्याचं क्षितिज ४१२ किलोमीटर भरतं. म्हणून लांबचा वैमानिक स्पष्ट ऐकू येतो आणि जवळच्या विमानतळाचा टॉवर इमारतींच्या आड हरवतो. यात अँटेनाचा दोष नसतो.

अँटेना उभाच ठेवा. विमानं, जहाजं, वॉकीटॉकी ही मंडळी उभ्या ध्रुवीकरणात बोलतात, म्हणजे त्यांच्या रेडिओ लहरी उभ्या डोलतात. आडव्या अँटेनावर २० डेसिबलपर्यंत मार बसू शकतो, म्हणजे सिग्नल शंभरावा हिस्सा. टेलिस्कोपिक दांडा असेल तर तो पूर्ण ओढायची सवय सोडा. ७१२५ ला मेगाहर्ट्‌झने भागा, पाव तरंगलांबी सेंटिमीटरमध्ये मिळते: १२७ साठी ५६, सागरी पट्ट्यातल्या १६० साठी साडेचव्वेचाळीस. हेच माप घेऊन घरी ग्राउंड प्लेन नावाचा अँटेनाही बनतो. एसओ-२३९ या केबल जोडायच्या सॉकेटच्या मधल्या टोकाला उभी तार, आणि चार कोपऱ्यांना तिच्यापेक्षा थोड्या लांब चार तारा, खाली ४५ अंशांत वाकवलेल्या. वाकवण्याचं कारण दिसण्यापुरतं नाही. तारा सपाट ठेवल्या तर इम्पीडन्स (रेडिओ सिग्नलच्या प्रवाहाला होणारा विरोध) ३६ ओमच्या आसपास राहतो, वाकवल्या की स्कॅनरला हव्या असलेल्या ५० कडे सरकतो. एकाच पट्ट्यात रस असलेल्याला मी हाच सुचवतो. डिस्कोन, म्हणजे तबकडी आणि शंकूचा अनेक पट्ट्यांवर चालणारा अँटेना, पंचवीस पट्टे ऐकणाऱ्यांसाठी ठीक, पण तो कुठल्याच पट्ट्यात फार चमकत नाही.

केबलकडे मात्र लोक सरसकट दुर्लक्ष करतात. १० मीटर आरजी-५८ (५० ओमची बारीक केबल) विमानांच्या पट्ट्यात चालून जाते, पण १०९० मेगाहर्ट्‌झवर विमानांचा एडीएस-बी (विमान स्वतःची जागा कळवतं तो सिग्नल) पकडायचा असेल तर तीच केबल निम्म्याहून जास्त सिग्नल वाटेत गिळते. डिश टीव्हीची आरजी-६ त्याहून बरी. ती ७५ ओमची म्हणून नाक मुरडणारे बरेच भेटतात, पण ५० आणि ७५ च्या या बेबनावात जेमतेम ४ टक्के शक्ती परत फिरते. ऐकण्यापुरतं त्याचं काही बिघडत नाही.

अँप्लिफायर सगळ्यात शेवटी, आणि लावलाच तर वर, अँटेनाच्या बुडाशी. केबलने खाल्लेला सिग्नल खाली वाढवला तर त्याच्यासोबत गोंगाटही तेवढाच वाढतो. जवळ एफएम प्रसारण केंद्र असेल तर अँप्लिफायरच्याही आधी ८८ ते १०८ चा बँडस्टॉप (तेवढाच पट्टा अडवणारा) फिल्टर बसवा. विमानांच्या पट्ट्यात मधूनच गाणी ऐकू आली, की रिसीव्हर ओव्हरलोड झाला असं समजा.

प्रत्येक बदलानंतर तुलना मात्र एकाच सिग्नलवर करा. विमानतळाचं एटिस, म्हणजे हवामान आणि धावपट्टीची सतत फिरणारी ध्वनिफीत, ऐकू येत असेल तर त्याहून चांगली कसोटी नाही. व्हीओआरवर, म्हणजे विमानांना दिशा दाखवणाऱ्या जमिनीवरच्या केंद्राच्या सिग्नलवर, तुलना नको. ते आडव्या ध्रुवीकरणात असतं, उभ्या अँटेनावर फसवं चित्र दिसतं. कुठल्या फ्रिक्वेन्सी ऐकायची मुभा आहे, हे आपापल्या देशाचे नियम बघून ठरवा.

बाहेरच्या जोडांवर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळा आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल. खांब विजेच्या तारांपासून इतका लांब हवा की आडवा पडला तरी तारांना लागू नये. खांबाला आणि केबलच्या शील्डला अर्थिंग द्या. वादळाची लक्षणं दिसली की केबल स्कॅनरपासून काढून घराबाहेर टाका, आणि गडगडाट सुरू झाल्यावर तिला हात लावायला जाऊ नका.