गवत, लव्हाळा की तिसरंच काही? पाणथळ जागेतल्या वनस्पतींची कुळं अशी ओळखा

पाणथळ जागेत गेलं की सुरुवातीला सगळं हिरवं सारखंच दिसतं, आणि मग आपण पानाचा फोटो काढून नाव शोधायला लागतो. इथेच गडबड होते. पाण्यातल्या वनस्पतींची पानं पाण्याच्या खोलीप्रमाणे बदलतात, सॅजिटेरियाचं पाण्याखालचं पान लांब रिबिनीसारखं असतं आणि त्याच रोपाचं पाण्यावरचं पान बाणाच्या टोकासारखं, त्यामुळे नुसत्या पानावर गेलात तर प्रजाती सोडाच, कूळसुद्धा चुकतं. आधी खोड, मग पान खोडाला जिथे मिळतं तो सांधा, मग फूल, असा क्रम धरा. सोबत १० पट मोठं दाखवणारं भिंग, एक सुई, ब्लेड आणि पांढरी बशी असली की पुरे.

सगळ्यात जास्त घोळ गवत आणि लव्हाळ्यात होतो, म्हणून त्याला वेळ द्या. फुलोऱ्याच्या खालची दांडी तोडा, अंगठा आणि बोटात धरून गरागरा फिरवा. गुळगुळीत फिरली तर बहुतेक गवत, तीन कडा बोटाला टोचल्या तर लव्हाळा, म्हणजे सायपरेसी कूळ. आता ब्लेडने आडवं कापा, गवताचं खोड दोन पेरांच्या मध्ये बहुतेक वेळा पोकळ निघतं आणि पेरं फुगीर दिसतात, लव्हाळ्याचं आतून भरीव असतं आणि फुलोऱ्याच्या दांडीवर पेरं दिसतच नाहीत. रोपाकडे वरून बघा, गवताची पानं दोन बाजूंना, लव्हाळ्याची तीन बाजूंना.

पण यातलं एकच लक्षण धरून बसू नका हं. मका आणि ऊस गवतच आहेत पण खोड भरीव, आणि इलिओकॅरिस लव्हाळ्याच्या कुळातला असून दांडी बऱ्याचदा गोल आणि पानं जवळपास नाहीतच, टोकाला फक्त एक कणिश. म्हणून मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो सांधा. पान हळूच खाली ओढा, खोडाला गुंडाळलेला भाग गवतात बहुधा एका बाजूने उघडा असतो, कडा एकमेकींवर आलेल्या, आणि पातं जिथे सुरू होतं तिथे आतल्या बाजूला पातळ पापुद्रा किंवा केसांची झालर दिसते, ती जिभली. लव्हाळ्यात हा भाग नळीसारखा बंद असतो. भिंगाखाली जिभली पहिल्यांदा नीट दिसते ना, तो क्षण खरंच विसरता येत नाही!

फुलावरूनही पक्कं करता येतं. गवताचं प्रत्येक फूल दोन खवल्यांच्या मध्ये बंद असतं, लव्हाळ्याचं एकाच खवल्याच्या बगलेत. आणि जर दांडी गोल, पण फुलाला बारीक सहा पाकळ्या, तीन आत तीन बाहेर, आणि फळ म्हणजे बियांनी भरलेली छोटी बोंडी, तर ते जंकेसी कूळ, गवतही नाही आणि लव्हाळाही नाही.

पाणकणीस लगेच कळतं, जाड तपकिरी कणीस, वर नर फुलं आणि खाली मादी. ओल्या जमिनीवर पानांचा झुबका आणि त्यातून सरळ दांड्यांवर पांढऱ्या बटणांसारखी डोकी दिसली तर इरिओकॉलेसी.

आता तरंगणारी पानं. कमळ आणि कुमुद यात लोक कायम गोंधळतात, फुलं रंगाने सारखी असू शकतात म्हणून पान उलटं करून बघा. कमळाचा देठ बरोब्बर मधोमध, पान पूर्ण गोल, पाणी टाकलं की मोत्यासारखं घरंगळतं, आणि मोठी पानं पाण्याच्या वर उभी राहतात. कुमुदाच्या पानाला देठापर्यंत खाच असते. पूर्वी दोघांना एकाच कुळात धरायचे, आता डीएनएवरून कळलंय की कमळाचं कूळ वेगळंच आहे आणि नातं कुमुदापेक्षा चिनारासारख्या वृक्षांशी जवळचं आहे. तसंच खाचेचं पान, पण छोटं फूल, साधारण पाच पाकळ्या आणि त्यांना झालर असेल तर निम्फॉइडिस, ते तिसरंच कूळ.

पूर्ण बुडालेलं रोप पांढऱ्या बशीत पाणी घेऊन पसरवा, हातात ते चिखलाच्या गोळ्यासारखं दिसतं आणि काहीच समजत नाही. पानं वलयात, म्हणजे एकाच पेरावर खोडाभोवती गोल लागलेली, आणि कडा करवतीसारख्या खरखरीत असतील तर हायड्रिला. वलयातच पण पानं शिंगासारखी दुभंगलेली आणि मुळंच नाहीत, तर सेरॅटोफायलम. बारीक पानांवर टाचणीच्या डोक्याएवढ्या पिशव्या दिसल्या तर युट्रिक्युलेरिया, त्या पिशव्यांत ती बारीक जीव पकडते. लांब पट्ट्यांची पानं बुंध्यातून आली असतील तर व्हॅलिसनेरिया शोधा, तिची नर फुलं सुटून पाण्यावर तरंगत मादी फुलाकडे जातात, आणि परागण झालं की मादी फुलाचा देठ स्प्रिंगसारखा गुंडाळून फळ पाण्याखाली नेतो.

अझोला, साल्व्हिनिया हे नेचे, म्हणजे फर्न आहेत आणि कारा हे शैवाल, यांत फूल शोधत बसू नका. उलट वुल्फिया रव्याच्या कणाएवढी, मुळं नाहीत, पानं नाहीत, तरी ती सपुष्प वनस्पती आहे आणि अळूच्याच कुळात येते.

निघताना बशी, बूट, जाळी तिथल्याच काठावर धुवा, हायड्रिलाचा छोटा तुकडासुद्धा दुसऱ्या तळ्यात पडला तर तिथे वाढून पसरतो.