शिष्यवृत्ती शोधायची कशी: आधी देणारा ओळखा, मग तारीख, मग कागद

इंटरनेटवर शिष्यवृत्त्या शोधायला बसले की लांबलचक याद्या मिळतात. गेल्या वर्षीच्या तारखा, बंद पडलेल्या योजना आणि कोचिंगवाल्यांच्या जाहिराती त्यांत एकत्र मिसळलेल्या असतात. यादीपासून सुरुवात करू नका. पैसे कोण देतो आणि का देतो, इथून सुरुवात करा.

राज्य आणि केंद्र सरकार प्रवर्ग, उत्पन्न आणि गुण बघून देते. तिथे निबंध लिहावा लागत नाही, कागद बिनचूक लागतात. परदेशी सरकारे आपल्या देशाशी नाते ठेवणारी, पुढे जबाबदारीच्या जागी पोहोचतील अशी माणसे शोधत असतात, म्हणून कामाचा अनुभव मागतात. विद्यापीठांना हुशार विद्यार्थी दुसरीकडे जाऊ द्यायचे नसतात. त्यांची फी-सवलत बहुतेकदा प्रवेश-अर्जाबरोबरच ठरते, पण काही ठिकाणी वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्याची तारीख प्रवेशाच्या तारखेआधीची असते. उरले न्यास. त्यांतले बरेच जण देतात ते कर्ज असते, बिनव्याजी किंवा अल्प व्याजाचे. १८९२ मध्ये सुरू झालेली जे. एन. टाटा एन्डाउमेंट देते ती कर्ज-शिष्यवृत्ती, म्हणजे परत फेडायची. के. सी. महिंद्रा आणि नरोत्तम सेखसरिया फाउंडेशन बिनव्याजी कर्ज देतात. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून घरी पेढे वाटण्याआधी मंजुरीच्या पत्रात 'परतफेड' हा शब्द आहे का ते बघून घ्या.

देशात शिकत असाल तर

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याचा पहिला थांबा महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचे शिष्यवृत्त्यांचे पोर्टल. अनुसूचित जातींची भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती (उत्पन्न मर्यादा २.५ लाख रुपये), इतर प्रवर्गांच्या योजना, खुल्या प्रवर्गातल्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती (मर्यादा ८ लाख) आणि वसतिगृहात राहणाऱ्यांसाठीचा डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, सगळे तिथेच आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेतलेल्या, ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ओबीसी, एसईबीसी (मराठा) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत आहे. तरीही फॉर्म भरावाच लागतो. सवलत आपोआप लागू होते असे समजून बसलेल्या मुलींना वर्षअखेरीस कॉलेज पूर्ण फी मागते.

केंद्राच्या योजना नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर मिळतात. तिथे आधी एकदाच करायची नोंदणी (ओटीआर) असते, मग अर्ज. बारावीत आपल्या बोर्डाच्या वरच्या २० टक्क्यांत असाल आणि घरचे उत्पन्न ४.५ लाखांच्या आत असेल, तर केंद्रीय क्षेत्र योजनेतून पदवीला वर्षाला १२ हजार आणि पदव्युत्तरला २० हजार मिळतात. तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) 'प्रगती' वर्षाला ५० हजार देते. एकाच वर्षी दोन सरकारी शिष्यवृत्त्या बहुधा घेता येत नाहीत, म्हणून भरण्याआधी रकमांची तुलना करा. फक्त निर्वाह भत्ता देणारी योजना मोठी वाटते, पण फी कापून देणारी योजना हातची गेली तर तोटाच होतो.

आता अर्ज अडकतात कुठे ते बघू. बहुतेक वेळा अगदी ठराविक जागी अडकतात.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा लागतो. तलाठ्याचा अहवाल हा त्या दाखल्याचा आधार असतो, दाखला नव्हे. दाखल्यावरचा बारकोड क्रमांक पोर्टलवर टाकला की माहिती आपसूक येते, म्हणून राज्याच्या 'आपले सरकार' पोर्टलवरून काढलेला दाखलाच वापरा. जुना हाताने लिहिलेला दाखला स्कॅन करून जोडलात तर तपासणीत तो परत येण्याची शक्यता जास्त. वर्षही बघा: दाखल्यातले आर्थिक वर्ष योजनेने मागितलेलेच हवे.

नावाची गोष्ट यापेक्षा त्रासाची. दहावीच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी, आधारवर शेवटी, जातीच्या दाखल्यात वडिलांचे नाव गाळलेले, असे सर्रास असते. दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानून आधार दुरुस्त करून घ्या आणि हे काम जूनमध्ये करा. प्रवेशाच्या धामधुमीत आधार केंद्रावर रांग लावायची वेळ येऊ नये.

सर्वांत जास्त पैसे अडतात ते बँकेच्या टप्प्यावर. खात्याला आधार 'लिंक' असणे वेगळे आणि थेट लाभासाठी 'सीडिंग' असणे वेगळे. शिष्यवृत्तीची रक्कम खाते क्रमांकावर नाही, आधारवर येते, आणि एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था) नोंदीत त्या आधारशी जे खाते जोडलेले असेल तिथे जाते. एका वेळी एकच खाते जोडलेले राहते, सर्वांत शेवटी सीडिंग झालेले. मोबाइलचे सिमकार्ड घेताना कुणी सहज उघडून दिलेले पेमेंट बँकेचे खाते जोडले गेले असेल, तर पैसे तिकडे जातात आणि विद्यार्थी आपले पासबुक छापत बसतो. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' असा पर्याय आहे. फॉर्म भरण्याआधी तिथे बँकेचे नाव आणि 'ॲक्टिव्ह' अशी स्थिती दिसते का ते पाहा. दिसत नसेल तर आपल्या शाखेत जाऊन थेट लाभासाठी सीडिंगचा फॉर्म भरा. केवायसी केले एवढे पुरत नाही.

फॉर्म भरला म्हणजे काम संपले नाही. अर्ज कॉलेजच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांच्या लॉगिनला आणि तिथून विभागाकडे जातो. त्रुटी दाखवून परत पाठवलेला अर्ज तुमच्या खात्यात पडून राहतो, फोन कुणी करत नाही. दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती बघा. फीची रक्कम तुमच्या खात्यात आली तर ती कॉलेजची असते. लगेच भरून पावती जपून ठेवा, पुढच्या वर्षी नूतनीकरणाला तीच लागते. नूतनीकरणाला हजेरी आणि उत्तीर्ण असणे या दोन अटी बहुतेक योजनांत आहेत.

संशोधन करणाऱ्यांसाठी नेट या राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी जेआरएफ (संशोधनासाठीची मासिक अधिछात्रवृत्ती) ही मुख्य वाट. १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे महिन्याला ३७ हजार रुपये, नंतर ४२ हजार, वर घरभाडे भत्ता. नेट जेआरएफ हुकली तर बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी), महाज्योती (ओबीसी, विमुक्त-भटके) आणि आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आपापल्या गटांसाठी पीएचडीला अधिछात्रवृत्ती देतात. त्यांच्या जाहिरातीत पीएचडी नोंदणीच्या तारखेची अट असते. ती आधी वाचा, बाकीचे नंतर.

परदेशी जायचे असेल तर

ज्या सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू व्हायचे, त्याच्या आधी किमान दीड वर्ष तयारी हवी. अठरा महिने ऐकून पालक हसतात, पण तारखाच तशा आहेत. अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्स शिष्यवृत्तीचे अर्ज वर्ग सुरू होण्याच्या आदल्या वर्षी साधारण मेपर्यंत घेतले जातात. त्याला तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. ब्रिटनची चीव्हनिंग ऑगस्टमध्ये उघडते आणि शरद ऋतूत बंद होते. तिथे २,८०० तासांचा, म्हणजे ढोबळमानाने दोन वर्षांचा अनुभव लागतो. अर्धवेळ नोकरी आणि स्वयंसेवी काम या तासांत धरता येते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. युरोपातल्या इरास्मुस मुंडुस संयुक्त मास्टर्सच्या तारखा बहुतेक ऑक्टोबर ते जानेवारी अशा असतात. तिथे वयाची अट नाही, अनुभवाची सक्ती बहुधा नाही आणि शिष्यवृत्ती महिन्याला १,४०० युरोची आहे. पदवीनंतर लगेच जायचे असेल तर आमच्या मते ही पहिली बघावी. जर्मनीच्या डीएएडी या शैक्षणिक देवाणघेवाणीच्या संस्थेच्या विकासविषयक अभ्यासक्रमांना दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि शेवटची पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. त्याचे अर्ज अभ्यासक्रमागणिक वेगळ्या तारखांना असतात. न्यासांचे अर्ज जानेवारी ते मार्चच्या सुमारास बंद होतात.

सरकारी परदेश शिष्यवृत्त्यांचा क्रम याच्या उलटा असतो: आधी विद्यापीठाचा प्रवेश, मग अर्ज. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या १२५ जागा आहेत, बहुसंख्य अनुसूचित जातींसाठी, थोड्या विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांसाठी. ६० टक्के गुण, ३५ वर्षांची वयोमर्यादा आणि ८ लाखांची उत्पन्नमर्यादा या तिच्या अटी. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी वेगळी, २० जागांची योजना आहे. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना ७५ जागा आहेत. इतर मागास, विमुक्त-भटके, मराठा, आदिवासी, अल्पसंख्याक आणि खुल्या प्रवर्गासाठी संबंधित विभागांच्या स्वतंत्र योजना आहेत. विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची आणि उत्पन्नाची अट दर काही वर्षांनी बदलते, तेव्हा ओळखीच्या दादाने त्याच्या वेळी काय केले होते ते ऐका, पण फॉर्म या वर्षीच्या शासन निर्णयावरूनच भरा. गोव्यातल्यांसाठी गोवा शिक्षण विकास महामंडळाचे बिनव्याजी शैक्षणिक कर्ज आहे.

इथे नापास करणारी गोष्ट एकच, ती म्हणजे सशर्त प्रवेशपत्र. विद्यापीठ 'अंतिम गुणपत्रिका दिल्यावर' किंवा 'इंग्रजीच्या परीक्षेनंतर' असे लिहून प्रवेश देते. सरकारी समित्यांना बिनशर्त पत्र हवे असते. म्हणून आयईएल्टीएस किंवा टोफेल आदल्या हिवाळ्यातच देऊन टाका. दोन्हींचे गुण दोन वर्षे चालतात, घाई झाली असे होत नाही.

कागदांची फाइल

अर्जांचे हंगाम सुरू होण्याआधी हे तयार ठेवा: पासपोर्ट, विद्यापीठाकडून मोहोरबंद ट्रान्स्क्रिप्टच्या (सगळ्या वर्षांच्या गुणांचा एकत्र उतारा) किमान पाच प्रती, पदवी प्रमाणपत्र, श्रेणीचे टक्क्यांत रूपांतर दाखवणारे पत्र, अनुभवाची पत्रे. ट्रान्स्क्रिप्टला विद्यापीठात आठवडेच्या आठवडे लागतात. कॉलेज बदलले असेल किंवा एखादी गुणपत्रिका हरवली असेल तर आणखी जास्त. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना रिकामा राहू देऊ नका, व्हिसाच्या फॉर्मवर पुढे गोंधळ होतो.

शिफारसपत्रासाठी विभागप्रमुखांचे वजन बघू नका, तुमचे काम पाहिलेला माणूस निवडा. 'विद्यार्थी हुशार व मेहनती आहे' हे वाक्य निवड समित्या रोज वाचतात. सरांना पत्राआधी सहा आठवडे भेटा आणि एक पान द्या: त्यांच्याकडे केलेला प्रकल्प, त्यात तुमचा वाटा, मिळालेले गुण, तुम्ही काय शिकायला चालला आहात. पत्र ते स्वतःच्या संस्थेच्या ईमेलवरून पाठवतील याची खात्री करा. तुम्हीच मसुदा लिहून दोन प्राध्यापकांच्या सह्या घेतल्यात तर दोन्ही पत्रांची भाषा एक निघते, आणि ती ओळखू येते.

निबंधाचे खरे काम आहे देणाऱ्याच्या हेतूशी तुमची वाट जुळवणे. विकासविषयक शिष्यवृत्तीला लिहिताना 'भूजल व्यवस्थापन शिकायचे आहे' एवढे पुरत नाही. कुठल्या तालुक्यात, कोणत्या खात्याबरोबर काम केले, तिथे कोणती अडचण सुटली नाही, हा अभ्यासक्रम त्यातला कुठला भाग शिकवतो आणि परत आल्यावर पहिली दोन वर्षे काय करणार, हे चार मुद्दे लिहा. शिक्षणक्रमातल्या दोन-तीन विषयांची नावे त्यात आली पाहिजेत. 'लहानपणापासून मला आवड होती' अशी सुरुवात खोडा. एकच निबंध सगळीकडे चिकटवल्याने विद्यापीठाचे नाव बदलायचे राहून गेलेले अर्ज दर वर्षी जातात.

फसवणुकीपासूनही सावध राहा. काही जुने न्यास नाममात्र अर्जशुल्क घेतात, पण 'निवड झाली आहे, रक्कम सोडण्यासाठी शुल्क भरा' म्हणणारा नक्की ठग असतो. ओटीपी मागणाराही.

निवड झाल्यावर दोन गोष्टी तपासा. पैसे कधी सुटणार ही पहिली. ब्रिटनच्या व्हिसासाठी स्वतःचे पैसे दाखवायचे तर ते खात्यात सलग २८ दिवस असावे लागतात. जर्मनीला ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठराविक रक्कमच काढता येते असे खाते) वर्षाचे ११,९०४ युरो लागतात. पूर्ण शिष्यवृत्तीचे पत्र असेल तर त्याची गरज पडत नाही, पण त्या पत्रावर रक्कम आणि कालावधी स्पष्ट लिहिलेला हवा. सरकारी मंजुरी उशिरा आली तर विद्यापीठाकडे अनामत भरायला मुदतवाढ ईमेलने मागा, बऱ्याचदा मिळते. मंजुरीच्या आशेवर उसनवारी करून अनामत भरलीत तर ती परत मिळेलच असे नाही.

दुसरी गोष्ट करारनामा. चीव्हनिंग संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते, फुलब्राइटच्या व्हिसालाही दोन वर्षांची तशीच अट आहे. सरकारी योजनांत अभ्यास अर्धवट सोडला तर रक्कम वसूल होऊ शकते आणि जामीनदार म्हणून सही करणारे बहुधा वडील किंवा मामा असतात. त्यांना करारनामा मराठीत समजावून सांगा, मगच सही घ्या.