घरीच शाडूकाम शिकताय? या चुका टाळा

पेणमधल्या गणपतीच्या कारखान्यांत वाढलेली मुलं एक गोष्ट हमखास गृहीत धरतात: लहानपणापासून बघतोय, म्हणजे येतंच. बघणं वेगळं आणि हात बसणं वेगळं. आधी नुसती माती मळा, वडील ‘पुरे’ म्हणेपर्यंत.

सगळ्यात जास्त मूर्ती बिघडतात त्या वाळवताना. प्लास्टर पाणी धरून घट्ट होतं. शाडूतलं पाणी उडून जातं आणि माती आक्रसते. वरचा थर आधी सुकला, आतला ओला राहिला, की तडा गेलाच म्हणून समजा. माझ्या पुतण्याने एका श्रावणात ऑर्डर उरकायच्या घाईने, साच्यातून नुकत्याच काढलेल्या मूर्तींसमोर रात्रभर हॅलोजन लावला. सकाळी बहुतेक मूर्तींना छातीपासून पोटापर्यंत चिरा. वर त्या चिरांत त्याने ओली माती दाबली. सुक्या मातीला ओली माती धरत नाही. संध्याकाळपर्यंत सगळं भरण निखळलं. मी मूर्ती सावलीतच ठेवतो, सुरुवातीला वर ओलसर फडकं, पंखा नाही. चीर पडलीच तर कडा ब्रशने भिजवून, कागदाचा लगदा मिसळलेली घट्ट माती थोडी थोडी भरतो. इतका धीर नसेल त्याने शाडूला हात लावू नये.

मूर्तीच्या हातात आधाराला तार घालू नका. माती आक्रसते, तार आक्रसत नाही, आणि तारेच्याच रेषेत मूर्ती फुटते. काथ्या घाला.

तळाला हात लावल्यावर गार लागतंय तोवर आत ओल आहे. रंग थांबवा.

आता घरात शिकणाऱ्यांचीच खास चूक. सोंड जराशी वाकडी बसते, वडील जाता जाता अंगठ्याने ती सरळ करतात, आणि मुलाला वाटतं आपल्याला छान जमली. अशी कितीतरी वर्षं फुकट जातात. माझ्या वडिलांना मी स्पष्ट सांगितलं होतं, “बाबा, चुकलं तर बोला, पण हात लावू नका.” त्यांना ते जड गेलं, पण त्यांनी पाळलं. तुम्हीही सांगा. वाकडी सोंड स्वतः मोडा आणि पुन्हा बसवा.

डोळ्यांच्या आखणीची घाई तर सगळ्यांनाच. आधी पाटीवर ओल्या ब्रशने रोज भुवया काढा. मूर्तीवर आखणी सकाळच्या उजेडात करायची, आणि दोन्ही डोळे एकाच बैठकीत. मध्ये उठलात की नजर तिरकी होते.