कोठडीतल्या मारहाणीच्या केसवर काम सुरू करताना: सोलापुरातल्या नव्या वकील-कार्यकर्त्यांसाठी

कोठडीतल्या छळाची केस टिकते की कोसळते, हे पहिल्या चार-पाच दिवसांतले कागद ठरवतात. त्या दिवसांत न नोंदलेला व्रण पुढे कितीही मोठा वकील दिला तरी सिद्ध होत नाही. म्हणून या कामात नव्याने येणाऱ्याने सगळ्यात आधी रिमांडची, म्हणजे आरोपीला कोठडीत ठेवायचं की नाही हे ठरवणारी, सुनावणी समजून घ्यावी.

अटकेनंतर 24 तासांत आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढे आणतात. 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार?' असा प्रश्न होतो. मारणारा शेजारीच उभा असतो आणि रात्री पुन्हा त्याच लॉकअपमध्ये जायचं असतं. माणूस नकारार्थी मान हलवतो, 'तक्रार नाही' अशी नोंद होते आणि पुढे प्रत्येक पायरीवर तीच नोंद त्याच्याविरुद्ध वापरली जाते. त्यामुळे पुकारा होण्याआधी, पोलिसांना ऐकू जाणार नाही अशा अंतरावर त्याच्याशी बोला. पाठ आणि तळपाय स्वतः बघा. तळव्यांवर मारलं की वरून फारसं दिसत नाही, पण माणसाला नीट चालता येत नाही. मग अर्ज लेखी द्या: मार कुठे, कशाने, केव्हा बसला, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 53 प्रमाणे तपासणीची मागणी. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

सिव्हिल हॉस्पिटलमधल्या तपासणीत 'अंगावर किरकोळ खरचटलेलं' एवढं लिहून घेऊन परतू नका. प्रत्येक जखमेची जागा, रंग, आकार, सेंटिमीटरमध्ये लांबी-रुंदी आणि ती अंदाजे किती जुनी आहे हे यायला हवं. काठीचा मार बऱ्याचदा दोन समांतर लाल पट्टे आणि मधे फिकट कातडी असा उमटतो. डॉक्टरांनी तो तसाच लिहिला तर केसला मोठा आधार होतो. खोल मुका मार एक-दोन दिवसांनी वर दिसतो, म्हणून दुसरी तपासणी मागा. कलम 53 मध्ये तिला जागा आहे. लघवी चहासारखी गडद होत असेल तर पुराव्याचं नंतर बघा, आधी उपचार: स्नायू फाटून किडनीवर ताण आलेला असू शकतो. अहवालाची प्रत अटकेतल्या माणसाला किंवा तो सांगेल त्याला मिळायलाच हवी.

परमवीर सिंग सैनी प्रकरणात 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने पोलीस ठाण्यांतलं सीसीटीव्ही फुटेज 18 महिने, यंत्रणा अपुरी असेल तरी किमान 1 वर्ष, ठेवायला सांगितलं. तरी ते जपून ठेवण्याचा अर्ज लगेच करा आणि त्यात तारीख, वेळ, कॅमेऱ्याची जागा लिहा. मोघम अर्ज लोंबकळत राहतो.

शहरातली तक्रार पोलीस आयुक्तांकडे, तालुक्यांतली ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे, आणि तिथे दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे. कबुलीसाठी केलेल्या मारहाणीला भारतीय न्याय संहितेचं कलम 120 लागतं. मानवी हक्क आयोगाकडे 1 वर्षाच्या आत जा, पण राज्य आणि राष्ट्रीय अशा दोन्हीकडे एकदम नको. राज्य आयोगापुढे असलेल्या प्रकरणाची चौकशी राष्ट्रीय आयोग करत नाही. भरपाईची रिट याचिका (मूलभूत हक्कांसाठी थेट उच्च न्यायालयात करायचा अर्ज) 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचमध्ये करता येते, त्यामुळे मुंबईची खेप वाचते. नीलाबती बेहेरा खटल्यात 1993 साली कोठडीत मुलगा गेलेल्या आईला सर्वोच्च न्यायालयाने दीड लाख रुपये देववले, आणि 'शासन सार्वभौम आहे, त्याच्याकडे भरपाई मागता येत नाही' ही ढाल तिथे चालली नाही. भरपाई घेतल्याने फौजदारी खटला संपत नाही, हे घरच्यांना पहिल्याच भेटीत सांगा. 'मिटवून घ्या' म्हणणारे लवकरच दारात येतात.

सोलापुरात आणखी एक भान हवं. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, त्यांच्यासाठी इथे तारेच्या कुंपणाची सेटलमेंट, म्हणजे सक्तीची वस्ती, होती. तो कायदा 1952 मध्ये गेला, संशय मात्र गेला नाही. पीडित पारधी असेल आणि मारणारा अनुसूचित जाती-जमातीचा नसेल, तर अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागतो का ते तपासा. जातीचा दाखला आधीच काढून ठेवा.

जबाब त्याच्या भाषेत घ्या, मग ती पारधी असो, कन्नड असो की तेलुगू. एकाच माणसाने, एकदाच, सावकाश ऐकावं. छळ सोसलेल्याला घटनांचा क्रम सलग आठवत नाही, म्हणून तारखा त्याच्या तोंडी घालू नका. 'नक्की आठवत नाही' असं तो म्हणाला तर तेच लिहा. उसनी तारीख पुढच्या जबाबात बदलते आणि उलटतपासणी नेमकी तिथूनच सुरू होते. झोप उडाली असेल, बुटांच्या आवाजाने दचकत असेल, तर सिव्हिलच्या मानसोपचार विभागात न्या आणि तिथले केसपेपर सांभाळा. भरपाई मागताना तेही जोडता येतात.