रांगेत अडकलेले ब्लास्टचे काम मार्गी लावताना

आमच्या संगणक-समूहावर वनस्पतिशास्त्राच्या एका संशोधक बाईंचे ब्लास्टचे (जनुकीय किंवा प्रथिनांचे अनुक्रम डेटाबेसमधल्या अनुक्रमांशी ताडून पाहणाऱ्या प्रोग्रामचे) काम दिवसेंदिवस रांगेतच पडून असे, आणि सुरू झालेच तर मुदत संपल्यामुळे अर्ध्यावर बंद पडे. सहकाऱ्याकडून मिळालेल्या त्यांच्या स्क्रिप्टमध्ये 4 नोड (म्हणजे समूहातले 4 स्वतंत्र संगणक) आणि 72 तास मागितलेले होते. समूहावरची कामे रांगेत लावणाऱ्या स्लर्म या प्रणालीच्या 'एसअ‍ॅक्ट' या आज्ञेने जुन्या कामांची नोंद काढली, तेव्हा खर्ची पडलेला सीपीयू-वेळ, म्हणजे प्रोसेसरमधल्या सगळ्या कोअरनी (गणन-एककांनी) मिळून प्रत्यक्ष राबलेला वेळ, घड्याळी वेळेइतकाच दिसला. म्हणजे एवढे कोअर अडवूनही राबत होता तो एकच. ब्लास्ट वेगळे काही सांगितले नाही तर एकाच थ्रेडवर (कामाच्या एकाच धाग्यावर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर) चालतो, आणि थ्रेड वाढवले तरी एका नोडच्या बाहेर जात नाही.

मी शोधायचे अनुक्रम असलेल्या फास्टा फाइलचे, एकही अनुक्रम मध्येच तुटणार नाही अशा बेताने, 50 तुकडे केले, त्यांचा जॉब-अ‍ॅरे बनवला (म्हणजे एकाच स्क्रिप्टवरून सुटणारी कामांची मालिका), प्रत्येक तुकड्याला 8 कोअर दिले आणि ब्लास्टच्या थ्रेडसंख्येच्या पर्यायातही 8 हाच आकडा लिहिला. हे दोन आकडे जुळलेच पाहिजेत; नवख्यांचे घोडे बहुधा इथेच अडते. निकाल बदलतील का, ही बाईंची शंका अगदी रास्त होती. शोधायचे अनुक्रम विभागल्याने ई-मूल्य (तेवढी जुळणी निव्वळ योगायोगाने किती वेळा सापडेल याचा अंदाज) बदलत नाही. डेटाबेसचे तुकडे करून वेगवेगळे शोधले असते तर बदलले असते.

मुदत मात्र एक तुकडा आधी चालवून, त्याला लागलेल्या वेळेच्या दीडपट ठेवली. अशी आटोपशीर कामे स्लर्म मोठ्या कामांमधल्या मोकळ्या फटींत बसवतो, त्यामुळे त्याच संध्याकाळी पहिले तुकडे सुरू झाले.